वाकडं सिक्सपेन्स सराफाकडून सरळ करून घेऊ नका

इंग्लंडहून आणलेलं तिसऱ्या विल्यम राजाचं सिक्सपेन्स (सहा पेनीचं जुनं चांदीचं नाणं) ‘एस’सारखं वाकलंय, ते सराफाकडून सरळ करून उजळून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून थांबा. तिकडे सतराव्या-अठराव्या शतकात चांदीचं नाणं मुद्दाम दोन विरुद्ध दिशांना वाकवून प्रेमाची खूण म्हणून देत. तुमच्या नाण्याचं मोल त्या बाकातच आहे.

त्या चांदीत ७.५ टक्के तांबं असतं. तीनशे वर्षांत असा धातू ठिसूळ होऊ शकतो, त्यात बाकाच्या जागी तो आधीच ताणलेला. थंडच दाबला तर तडा नेमका तिथे जाऊ शकतो. तापवून मऊ केला तर जुनी काळसर झाक जाते आणि आतलं तांबं काळवंडून डाग पडतात. नाणं सपाट झालं की हाती उरतं एक झिजलेलं सिक्सपेन्स, तशी ढिगाने मिळतात. पुन्हा वाकवून जुना बाक येत नाही.

चिंच, टूथपेस्ट, सिल्व्हर डिप (चांदी उजळायचं द्रावण), काहीही लावू नका. डिस्टिल्ड वॉटरने धुवा, मऊ कापडाने टिपा, घासू नका.

ते खरंच प्रेमाची खूण आहे का हे फोटोवरून ठामपणे सांगता येत नाही, पण बाकाचे उंचवटे भिंगातून बघा. वर्षानुवर्षं खिशात राहिलेल्या नाण्याचे उंचवटे गुळगुळीत झालेले असतात. शेतात नांगर लागून अपघाताने वाकलेल्याला धारदार मोड आणि ओरखडे असतात. टॉर्च आडवा धरून राजाच्या चेहऱ्याखाली टांकसाळीचं अक्षर दिसतंय का तेही पाहा. १६९६-९७ मध्ये लंडनबाहेरही टांकसाळी चालू होत्या: बी म्हणजे ब्रिस्टल, सी चेस्टर, ई एक्सेटर, एन नॉर्विच, वाय यॉर्क.

प्रमाणपत्राच्या मागे लागू नका, हे माझं स्पष्ट मत. नाणी तपासणाऱ्या संस्थेकडून असं नाणं ‘खराब झालेलं’ असा शेरा मारून परत येऊ शकतं, फी मात्र जाते. परदेशी पाठवायचं म्हणाल तर, मी वकील नाही, पण शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं; आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

ठेवताना पिना मारायचे पुठ्ठ्याचे होल्डर नकोत, त्यांत बाक दबतो. पीव्हीसीची पाकिटंही नकोत, त्यांनी हिरवा चिकट थर येतो. खोल कॅप्सूल किंवा आम्लरहित कागदाची छोटी डबी घ्या.