वेंट कुठून आला?

चि. सौभाग्यकांक्षिणी, अनेक आशीर्वाद.

तुझ्या इंग्रजीच्या क्लासातल्या मुलाने 'गोचं (go) भूतकाळी वेंट (went) कसं काय?' असं विचारलं आणि तू 'इररेग्युलर आहे, पाठ कर' म्हणालीस. परीक्षेपुरतं ठीक. पण विचारणारी मुलं फार नसतात, त्यांना असं वाटेला लावू नकोस.

वेंट मुळात गोचं रूपच नव्हे. ते वेंडचं (wend). वेंड म्हणजे वळणे, वाट धरणे. सेंडचं सेंट, तसं वेंडचं वेंट. जुन्या इंग्रजीत गोच्या भूतकाळाला 'एओडे' म्हणत, आणि तेही गोशी न जुळणारंच! १५व्या शतकाच्या सुमारास वेंटने त्याची जागा बळकावली. मग वेंडला स्वतःसाठी वेंडेड असं नवं रूप करून घ्यावं लागलं. स्कॉट बोलीत मात्र 'गेड' असं सरळ रूप आहे. (आपल्या 'गेला'शी त्याचं नातं नाही. मुलं जोडतीलच, म्हणून आधीच सांगतो.)

आता फळ्यावर लिही: तो जातो, तो गेला. 'जातो' संस्कृत 'या' धातूतून आला, याति, प्राकृतात जाइ. 'गेला' आला गम् धातूच्या 'गत'मधून. म्हणजे आपणही तेच केलंय, आणि 'जाला' का नाही म्हणून कुणी कधी अडलं नाही. खरी गंमत पुढे आहे. या गम् धातूचा इंग्रजीतला सख्खा नातेवाईक गो नव्हे, कम! एकाच मूळ धातूपासून तिकडे येणं झालं, इकडे जाणं.

गोच्या अर्थांची यादी मात्र देऊ नकोस. अलार्म 'गोज ऑफ' म्हणजे वाजला, दूध 'गोज ऑफ' म्हणजे नासलं. हे यादीतून कळत नाही. त्यांच्याकडूनच आधी मराठी काढून घे: लाईट गेली, काचेला तडा गेला, आजोबा गेले. ('दिवस गेले' कुणीतरी म्हणेल, तेव्हा हसू आवर.) इंग्रजीने जाण्यातून 'गोइंग टू' असा भविष्यकाळ घडवला, मराठीने 'सांगितलं जातं' असा कर्मणी प्रयोग. हा फरक त्यांनाच शोधू दे.

आणि तू स्वतः चिठ्ठ्या कर. एका चिठ्ठीवर एक वाक्य, ते कुठे वाचलं, कोणत्या साली छापलेलं. ऑक्सफर्डचा मोठा कोश असाच झाला. पहिला भाग १८८४ला, पूर्ण १९२८ला. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८मध्ये संस्कृत कोशाचं काम याच ऐतिहासिक पद्धतीने सुरू केलं. तिथल्या चिठ्ठ्या लाखांनी मोजाव्या लागतात. तुला पन्नासेक पुरतील.

पुढच्या आठवड्यात 'गेट' (get) घेणार आहेस ना? ते व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून आलं, मूळ अर्थ मिळवणे. 'फरगेट'मधलं गेट मात्र आधीपासून इंग्रजीत होतं. त्याच्या चिठ्ठ्या आधी कर, शिकवायला मग घे.

तुझा,
सर