निशाण, निशाणा आणि गुरि

यंदा गड्ड्यावर, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, फुगे फोडायच्या स्टॉलवर भाचीने बंदूक खांद्याला लावली आणि मध्येच थांबून विचारलं, "मामा, निशाण म्हणजे झेंडा ना? मग ज्यावर नेम धरायचा तो निशाणा कसा?" प्रश्न फार चांगला आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

मूळ शब्द फारसी, 'निशान'. अर्थ खूण. 'न'चा 'ण' आपण केला. झेंडा ही फौजेची खूण, म्हणून निशाण. सही न येणाऱ्याच्या कागदावर असते ती 'निशाणी अंगठा'. काहीच मागे उरलं नाही की नामोनिशाण मिटलं. आणि गोळी कुठे लागायला हवी हे दाखवणारी खूण म्हणजे निशाणा. झेंडा आणि फुगा असे सख्खे भाऊ आहेत.

संस्कृतातही हीच वाट दिसते. 'लक्ष्' धातूत खूण करणं, खुणेवरून ओळखणं हा भाव आहे. त्यातूनच लक्षण, म्हणजे खूण, आणि त्यातूनच लक्ष्य. मराठीत लक्ष म्हणजे अवधान आणि लक्ष्य म्हणजे ज्याचा वेध घ्यायचा ते. लिहिताना हा 'य' गाळू नये. जुन्या अर्थाची आठवण 'लक्षवेधी सूचने'त अजून आहे. 'वेध' म्हणजे भोसकणं, आरपार जाणं. विधानसभेतली ती सूचना शब्दशः बाणासारखीच आहे.

नेम मात्र वेगळा. तो 'नियम'वरून आला. नेम फुग्यात नसतो, धरणाऱ्याकडे असतो. म्हणून नेम चुकतो, निशाणा जागेवरच राहतो. 'पावसाचा काय नेम!' म्हणतो तेव्हाही हाच शब्द.

ऑफिसातलं टार्गेट खुणेवरून आलेलं नाही. ते मुळात छोट्या ढालीचं नाव. तिथे मला 'उद्दिष्ट' जास्त पटतं: उद्दिष्ट म्हणजे बोट दाखवून सांगितलेलं, आणि महिन्याचा आकडा साहेबच दाखवतात.

मला सगळ्यात आनंद झाला तो आपल्या सोलापुरातल्या शेजारभाषांमुळे. कन्नडमध्ये नेमाच्या जागेला 'गुरि' म्हणतात आणि खुणेला 'गुरुतु'. तेलुगूत 'गुरि' आणि 'गुर्तु'. फारसी आणि संस्कृत एका कुळातल्या, या दोन द्राविडी भाषा दुसऱ्या, म्हणजे कुळं दोन. पण नेम धरण्याआधी प्रत्येकीने तिथे खूणच केली. पुढच्या गड्ड्यावर स्टॉलवाल्याशी कन्नडमध्ये बोलून बघ, 'गुरि' तुझ्या कानावर पडेल.