वाचकांचे प्रश्न : बातम्यांचा मारा आणि तिळगुळाचा पाक

प्रश्न : माझे सासरे 74 वर्षांचे आहेत. सकाळी उठल्यापासून रात्री अकरापर्यंत बातम्यांचं चॅनल लावून बसतात. युद्ध, अपघात, खून, सगळं. रात्री दोनदा उठून दाराच्या कड्या तपासतात, नातू क्लासला गेला की पाच-पाच फोन करतात. टीव्ही बंद केला तर चिडतात. काय करावं? (सांगलीहून एक वाचक)

उत्तर : टीव्ही बंद करू नका, त्याची वेळ बांधा. रिमोट हिसकावला की माणूस खोलीत जाऊन तेच सगळं मोबाइलवर बघतो, आणि मग घरच्यांना पत्ताही लागत नाही.

चोवीस तास चालणाऱ्या चॅनलकडे चोवीस तासांच्या बातम्या नसतात. जळणारी बस तीच असते, फक्त चाळीस वेळा दिसते, आणि मन ती प्रत्येक वेळी नव्याने जळताना बघतं. 15 एप्रिल 2013 रोजी अमेरिकेत बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त वेळ त्याच बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली, असं तिथल्या संशोधकांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलं. तेव्हा सासऱ्यांच्या स्वभावाला बोल लावण्याआधी तास मोजा. तीन दिवस काही न बोलता फक्त वहीत नोंद ठेवा. आकडा समोर दिसला की त्यांच्याशीही शांतपणे बोलता येतं.

मग वेळ अशी बांधा : सकाळी वर्तमानपत्र, चष्मा लावून, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. हवं तर आकाशवाणीचं प्रादेशिक बातमीपत्र. दहा मिनिटांत जिल्ह्यापासून दिल्लीपर्यंत सगळं कळतं. संध्याकाळी अर्ध्या तासाचं एकच बातमीपत्र. रात्रीच्या ‘चर्चा’ पूर्ण वगळा. चार जण एकमेकांवर ओरडतात, त्यात बातमी नसतेच. आठनंतर काही नाही.

हा बेत बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या दिवशी फसतो, आणि कारण साधं असतं. टीव्ही गेला, पण त्या जागी काही आलं नाही. पुष्कळदा म्हातारी माणसं बातम्या ऐकत नसतात, घरातली शांतता खायला उठते म्हणून आवाज हवा असतो. दुपारी रेडिओवर नाट्यगीतं लावून द्या. हाताला असं काम द्या की जे तासाभरात संपतं आणि संपलेलं डोळ्यांना दिसतं : मेथी निवडणं, शेंगा फोडणं, सोसायटीच्या टँकरच्या नोंदी. ‘जरा फिरून या’ हे काम नव्हे, ती कटकट टाळण्याची युक्ती आहे आणि ती त्यांना लगेच कळते.

मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन बातम्यांच्या अ‍ॅपचे नोटिफिकेशन बंद करा. यूट्यूबचा ऑटोप्ले बंद करा, आणि भडक चॅनल दिसलं की व्हिडिओजवळच्या तीन टिंबांवर दाबून ‘डोन्ट रेकमेंड चॅनल’ निवडा. हे त्यांना सांगून, त्यांच्यासमोर करा.

एवढं करूनही दोन आठवडे झोप मोडत राहिली, जेवण कमी झालं, कशातच मन रमेना, तर डॉक्टरांना दाखवा. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र, विनामूल्य चालतो. मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : तिसरीतल्या मुलीने युद्धाची दृश्यं पाहिली. ‘आपल्याकडे पण बॉम्ब पडणार का?’ असं रोज विचारते. (ठाण्याहून एक आई)

उत्तर : आधी तिलाच विचारा, काय पाहिलंस, काय ऐकलंस. मुलांच्या डोक्यात अर्धं शाळेच्या बसमधलं असतं. जेवढं विचारलं तेवढ्याचंच खरं उत्तर दोन वाक्यांत द्या आणि नकाशात अंतर दाखवा. ‘काही नाही गं, तू झोप’ म्हटलं की ती दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारणारच.

प्रश्न : ग्रुपवर रोज ‘सकारात्मक बातम्या’ येतात, पण त्या गोग्गोड वाटतात. खरी आशेची बातमी ओळखायची कशी? (नागपूरहून एक वाचक)

उत्तर : चार गोष्टी शोधा : ठिकाण, साल, कोणी केलं, किती. यातलं काहीच नसेल तर पुढे पाठवू नका. ‘युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं’ हे वर्षानुवर्षं फिरतंय आणि ते साफ खोटं आहे. दुहेरी बाणाचं चिन्ह असेल, तर तो निरोप पुष्कळ हातांतून आलाय एवढंच त्यावरून कळतं.

वाईट गोष्ट एका दुपारीत घडते, चांगलीला दहा वर्षं लागतात, म्हणून ती ‘ब्रेकिंग’मध्ये बसत नाही. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावडा जिल्ह्यात सापडला, आणि 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. मधल्या तीन वर्षांत गावोगाव डोस पाजणाऱ्या बायका रोज तेच काम करत होत्या. वाघांचा अंदाज 2006 मध्ये 1411 होता, 2022 मध्ये 3682. यात मोजणी सुधारल्याचाही वाटा आहे, हेही सांगायला हवं. जवळचं हवं असेल तर रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास. तिथे समुद्री कासवांची अंडी कुत्र्या-कोल्ह्यांपासून आणि चोरीपासून राखून कुंपणात ठेवतात. दीड-दोन महिन्यांत पिल्लं निघतात आणि ती समुद्रात सोडतात. फेब्रुवारीनंतर जाऊन स्वतः बघता येतं.

प्रश्न : संक्रांतीला शेजारीपाजारी वाटायला तिळाचे लाडू करते. एका वर्षी दगड, एका वर्षी चिकट. कुठे चुकतं? (सोलापूरहून एक वाचक)

उत्तर : पाकात. अर्धा किलो बिनपॉलिशचे तीळ, अर्धा किलो चिक्कीचा गूळ, वाटीभर दाण्याचं भरड कूट, अर्धी वाटी डाळं, अर्धी वाटी भाजलेला खोबऱ्याचा कीस, दोन चमचे तूप, वेलदोडा-जायफळ. तीळ मंद आचेवर तडतडून फुगेपर्यंतच भाजा. रंग गडद झाला की कडवट लागतात. सगळं दोन घाण्यांत करा, कारण एकदम केलं तर अर्धे वळेपर्यंत उरलेलं कढईतच आवळतं.

तुपात गूळ वितळला, फेस आला की वाटीभर गार पाण्यात थेंब टाका. पसरला तर पाक कच्चा, लाडू चिकट होणार. थेंबाची गोळी होऊन ताटलीवर टाकल्यावर टण् वाजली की त्याच क्षणी गॅस बंद. जाड कढईत पाक पुढेही शिजत राहतो, आणि दगड होतात ते इथेच. साधा गूळ वापरत असाल तर टण् होण्याची वाट बघू नका, मऊ गोळी जमली की पुरे.

वळायला तिघं-चौघं बसवा, हाताला तूप किंवा पाणी लावून. (गुळाच्या हातांनी मोबाइल उचलता येत नाही, सांगलीच्या सासऱ्यांनाही बसवा.) मिश्रण आवळलं तर कढई दोन मिनिटं मंद आचेवर ठेवा. दगड झालेले लाडू कुटून गुळपोळीच्या सारणात जातात. डब्यात भरण्याआधी पूर्ण गार होऊ द्या. कोमट असताना झाकले तर वाफ धरून मऊ पडतात.