8 ओहमचे 16 स्पीकर एकाच उभ्या कॉलममध्ये लावायचेत, अँप (अँप्लिफायर) 8 ओहमला 100 वॉटचा. जोडणी कशी करू?

सगळे पॅरलल केलेत, म्हणजे सगळे प्लस एकत्र आणि सगळे मायनस एकत्र, तर अर्धा ओहम होतो, अँप लगेच प्रोटेक्शनला जाईल (स्वतःला वाचवायला बंद पडेल) किंवा जळेल. सगळे सीरिजमध्ये घेतलेत तर 128 ओहम, मग अँपमधून पॉवरच निघणार नाही. चार-चार स्पीकरच्या चार साखळ्या करा. साखळीत सीरिज, म्हणजे एकाचा मायनस पुढच्याच्या प्लसला. अशी प्रत्येक साखळी 32 ओहमची होते. चारही साखळ्या पॅरलल केल्या की परत 8 ओहम. 100 वॉट प्रत्येकाला सारखे वाटले जातात, सव्वासहा वॉट. मात्र सोळाही स्पीकर एकाच मॉडेलचे हवेत, नाहीतर साखळीत व्होल्टेज कमीजास्त वाटलं जातं.

शेजारशेजारचे चार एका साखळीत घ्या. वायर कमी लागते, आणि एक स्पीकर ओपन झाला (आतली तार तुटली) की त्याच्यासोबतचे तिघेही गप्प होतात, त्यामुळे दोष कुठे आहे ते लगेच कळतं. साखळीच्या आत पाऊण स्क्वेअर एमएम वायर पुरते, अँपपासून कॉलमपर्यंत दीडची घ्या. लग (वायरच्या टोकाला बसवायची क्लिप) वापरणार असाल तर बहुतेक स्पीकरवर टर्मिनलची रुंद पट्टी प्लसची असते, पण त्यावर विसंबू नका.

खरा वेळ पोलॅरिटीवर, म्हणजे प्लस-मायनस बरोबर लावण्यावर घालवा. प्रत्येक स्पीकरला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. स्पीकरचा पडदा (कोन) बाहेर आला की सेलचा प्लस जिथे आहे ते टर्मिनल प्लस, तिथे लाल मार्करने खूण करा. हे आधीच करायचं, कारण उलटा लागलेला स्पीकर मल्टीमीटरला दिसत नाही. तो शेजाऱ्याचाही आवाज मारतो, म्हणजे 16 पैकी 14 चंच काम उरतं, आणि खोकं सामाईक असेल तर बास पोकळ होतो.

बाकीचं मल्टीमीटर सांगतो. मीटरवर 8 ओहमच्या स्पीकरचं रीडिंग 8 पेक्षा कमीच येतं, समजा साडेसहा ओहम आलं. मग साखळीचं 26 यायला हवं, साडेएकोणीस आलं तर एक शॉर्ट आहे. साखळ्या पॅरलल केल्यावर पुन्हा साडेसहा. पावणेनऊच्या आसपास दाखवलं तर एक साखळी तुटलेली आहे. अँप लावायच्या आधी हे तपासा.

आणखी एक गोष्ट जोडणीने सुटत नाही. स्पीकर मध्यापासून मध्यापर्यंत 8 सेंटीमीटरवर असतील, तर सुमारे 4300 हर्ट्झच्या वर आवाज पट्ट्यापट्ट्यांत फुटतो. उठून उभं राहिलं की झांजांचा आवाज बदलतो. फ्रेम एकमेकींना टेकवूनच बसवा. तेवढ्याने भागलं नाही तर वरच्या हर्ट्झचा आवाज ट्वीटरकडे (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरकडे) द्या.