मॅच नसताना हे लोक रोज काय बोलतात? आणि क्यूब्स कन्व्हेन्शनला जावं का?

डिसेंबर 2024 मधला तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरात नोकरीसाठी शिकागोला आलात. बेसबॉलचा हंगाम संपून दोन महिने झाले, तरी ऑफिसातली मंडळी जेवताना टकर, पारेदेस, बेलिंजर हीच नावं घेतायत. आता त्यांनी 17 ते 19 जानेवारी 2025 च्या क्यूब्स कन्व्हेन्शनचे, म्हणजे शिकागोच्या क्यूब्स या बेसबॉल संघाच्या चाहत्यांच्या मेळाव्याचे, पास काढलेत आणि तुम्हालाही चल म्हणतायत. मॅच नाही, मैदान नाही, मग तिथे असतं काय, आणि खेळातलं काही कळत नसताना जावं का?

जा. नक्की जा. पण जाण्याआधी ती तीन नावं समजून घ्या, म्हणजे तिथला प्रत्येक शब्द तुम्हाला लागेल.

हंगाम संपल्यावरच्या या चर्चेला इथे 'हॉट स्टोव्ह' म्हणतात. जुन्या काळी गावातल्या दुकानात शेगडीभोवती बसून लोक कोण आला, कोण गेला, पुढच्या वर्षी काय होईल, याचा काथ्याकूट करायचे. तिथून ते नाव पडलं. आपल्याकडची शेकोटी किंवा पार समजा. शेगडी गेली, गप्पा राहिल्या.

तुम्ही आयपीएलचा लिलाव पाहिला असेल. तो डोळ्यासमोर आणलात तर अर्धं गणित सुटतं, पण एका बाबतीत फसगत होते. लिलावात आपण किंमत बघतो. इथे किमतीआधी वर्षं बघतात. मेजर लीगमध्ये, म्हणजे इथल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये, खेळाडूची सहा वर्षं भरली की तो मोकळा होतो, फ्री एजंट होतो आणि हव्या त्या संघाशी करार करतो. तोवर संघ त्याला ठेवू शकतो, विकू शकतो, खालच्या लीगमध्ये धाडू शकतो. त्यामुळे कुठल्याही खेळाडूचं नाव निघालं की इथला चाहता पहिला प्रश्न विचारतो: "त्याची किती वर्षं उरलीत?"

ही वर्षं दिवसांवर मोजतात. 172 दिवस वरच्या संघात राहिलात की एक वर्ष धरलं जातं. 2015 साली क्रिस ब्रायंट हा क्यूब्सचा सगळ्यात तयार तरुण फलंदाज होता, पण हंगाम सुरू झाला तेव्हा त्याला आयोवाच्या दुय्यम संघात ठेवलं आणि 17 एप्रिलला वर आणलं. वर्षाअखेर त्याचे दिवस भरले 171. एक दिवस कमी, आणि त्या एका दिवसापायी तो वर्षभर उशिरा मोकळा होणार होता. त्यानं रीतसर तक्रार केली, 2020 मध्ये ती फेटाळली गेली. मधल्या काळात तो 2015 चा सर्वोत्तम नवोदित ठरला, 2016 चा नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि 108 वर्षांनी क्यूब्स जगज्जेते झाले तेव्हा शेवटचा चेंडू उचलून पहिल्या बेसकडे (धाव घेताना गाठायच्या टप्प्यांपैकी पहिला) फेकणारा तोच होता. मला हा नियम आजही पटत नाही. नियमात बसलं म्हणून ते न्याय्य होत नाही.

आता तुमची तीन नावं. काइल टकर हा ह्यूस्टनचा उजव्या बाजूचा आउटफिल्डर, म्हणजे लांबच्या मैदानातला क्षेत्ररक्षक, आणि लीगमधल्या उत्तम फलंदाजांपैकी एक. त्याचं एकच वर्ष उरलंय, 2025 च्या हंगामानंतर तो मोकळा. त्या एका वर्षासाठी क्यूब्सनं 13 डिसेंबरला तिघं दिले: तिसऱ्या बेसचा इसाक पारेदेस, पिचर (गोलंदाज) हेडन वेस्नेस्की आणि कॅम स्मिथ नावाचा पोरगा, ज्याला जुलैमध्येच पहिल्या फेरीत निवडलं होतं आणि ज्यानं व्यावसायिक बेसबॉल अर्धं वर्षही खेळलेला नाही. पारेदेसला तर जुलैअखेरीस टँपाकडून आणलं होतं. पाच महिन्यांत बिचाऱ्याचं तिसरं शहर. तुमच्या टेबलावरचा वाद हाच असणार: एका वर्षासाठी इतकी वर्षं द्यावीत का?

माझं मत: द्यावीत. क्यूब्सनं 2023 मध्ये 83 सामने जिंकले आणि 2024 मध्येही 83 च. दोन्ही वर्षी प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेरची बाद फेरी, हुकला. असा संघ आणखी एका बऱ्या खेळाडूनं सुधारत नाही, त्याला मोठाच खेळाडू लागतो. फक्त टकरशी लांबचा करार करायची तयारी हवी, नाहीतर हा वर्षभराचा पाहुणचार ठरेल.

कोडी बेलिंजरचं प्रकरण याच्याच पोटातलं. टकर उजवीकडे आला की सेया सुझुकी मुख्यतः फलंदाजीपुरता राहणार, डावीकडे इयन हॅप आहे, मध्ये पीट क्रो-आर्मस्ट्राँग. बेलिंजरला जागाच उरत नाही, आणि त्याचा पुढच्या वर्षाचा पगार अडीच कोटी डॉलरच्या वर. चार दिवसांत त्याला न्यूयॉर्कच्या यांकीज संघाकडे पाठवलं. यांकीजचा हुआन सोटो नुकताच 15 वर्षांच्या, 76.5 कोटी डॉलरच्या करारावर त्याच शहरातल्या मेट्स संघाकडे गेला होता, त्यांना माणूस हवाच होता. बदल्यात क्यूब्सला मिळाला एक पिचर, आणि वर क्यूब्सनंच 50 लाख डॉलर दिले. लोक चिडलेत ते यावर. जागा मोकळी केली हे ठीक, पण वाचलेला पैसा संघातच लागणार का, हा प्रश्न कन्व्हेन्शनमध्ये कुणी ना कुणी माईक हातात घेऊन विचारणारच, आणि विचारायलाच हवा.

बाकी शब्द पटापट सांगतो. मैदानासाठी उपलब्ध संघ 26 जणांचा, त्याच्या मागे 40 जणांची मोठी यादी. चाळीस भरलेले असताना नवा आला की एकाला काढावं लागतं; त्याला 'डीएफए' (डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट) केला म्हणतात, आणि सात दिवसांत त्याचं काय ते ठरवायचं असतं. 'ऑप्शन' म्हणजे खेळाडूला खालच्या संघात पाठवायची मुभा, साधारण तीन हंगामांपुरती. ती संपलेला खेळाडू एकतर वर राहतो, नाहीतर बहुतेक वेळा हातचा जातो. एवढ्यावर तुमचं जेवणाचं टेबल निभेल.

पण हे झालं गणित. लोक जानेवारीच्या थंडीत हॉटेलात जमतात ते गणितासाठी नाही.

मी 2010 पासून इथल्या पश्चिमेच्या उपनगरात राहतो. 2021 साली माझी लेक नऊ वर्षांची होती आणि तिचं सगळं जग क्यूब्सचा हावियेर बाएझ होता. त्याला 'एल मागो', म्हणजे जादूगार म्हणायचे. त्या मे महिन्यात पिट्सबर्गला त्यानं एक गंमत केली. चेंडू पहिल्या बेसवर त्याच्या आधी पोचलेला, बेसवर नुसता पाय लावला असता तरी तो बाद होता. हा मध्येच थांबला आणि उलटा, होमप्लेटकडे, म्हणजे फलंदाजाच्या मूळ जागेकडे, पळायला लागला. समोरचा गडी बेस सोडून त्याच्या मागे धावला, तेवढ्यात तिसऱ्या बेसवरून त्याचा साथीदार कॉन्त्रेरास घरी पोचला, म्हणजे धाव झाली, आणि बाएझही पुढे सुखरूप. लेकीनं तो तुकडा इतक्या वेळा लावला की मला त्यातला समालोचकाचा आवाज पाठ झाला.

दोन महिन्यांनी, जुलैच्या 29 आणि 30 तारखेला, क्यूब्सनं रिझो, ब्रायंट आणि बाएझ तिघांनाही विकलं. 2016 च्या जगज्जेत्या संघाचा कणाच काढून घेतला. त्या संध्याकाळी लेकीनं 9 नंबरची जर्सी अंगातून काढली, नीट घडी केली आणि खालच्या खणात ठेवली. रडली नाही. मला म्हणाली, "बाबा, त्याला विचारलं होतं का कुणी?" मला उत्तर देता आलं नाही.

बाएझच्या बदल्यात मेट्सकडून जो पोरगा आला, तो तेव्हा 19 वर्षांचा होता, खांद्याच्या दुखापतीनं घरी बसलेला. तोच हा पीट क्रो-आर्मस्ट्राँग. आज मधल्या मैदानात त्याच्यासारखा झेल घेणारे फार थोडे आहेत, आणि त्याच्यामुळे बेलिंजरला जागा उरली नाही. 2021 चा एक ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, 2024 च्या डिसेंबरात असा येऊन पोचतो. म्हणून इथले जुने लोक ट्रेडचा निकाल लगेच लावत नाहीत. त्यांना एक जखम आणि एक औषध तोंडपाठ असतं. 1964 मध्ये क्यूब्सनं लू ब्रॉकला सेंट लुईसला दिलं, तो तिथे दोनदा जगज्जेता झाला आणि हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्याच्या बदल्यात मुख्य म्हणून आणलेल्या पिचरनं क्यूब्ससाठी सात सामने जिंकले. आणि 1982 मध्ये फिलाडेल्फियाशी दोन शॉर्टस्टॉपची (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकांची) अदलाबदल होताना, भाजीवाली वर कढीपत्ता टाकते तसा एक पोरगा वर मिळाला. तो राइन सँडबर्ग. 2024 च्या जूनमध्ये क्यूब्सच्या रिग्ली फील्ड मैदानाबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला.

कन्व्हेन्शनची सुरुवात 1986 ची. मेजर लीगमध्ये कुठल्याही संघानं असा चाहत्यांचा मेळावा भरवण्याची ती पहिलीच वेळ, नंतर बऱ्याच संघांनी हीच वाट धरली. नदीकाठच्या शेरेटन ग्रँड हॉटेलात तीन दिवस असतं. शुक्रवारी संध्याकाळी उद्घाटन, एकेका खेळाडूचं नाव पुकारून त्याला मंचावर बोलावतात. शनिवारी दिवसभर वेगवेगळ्या खोल्यांत चर्चा: मालक, व्यवस्थापक, जुने खेळाडू, आणि समोर प्रश्न विचारणारे आपण. सह्यांसाठी मोठ्या रांगा. तुम्ही नवीन आहात, त्या रांगांत दिवस घालवू नका. छोट्या खोल्यांतल्या चर्चा ऐका, विशेषतः जिथे जुने खेळाडू बसतात त्या. मुलांनी खेळाडूंना प्रश्न विचारायचा एक कार्यक्रम असतो, तो चुकवू नका. मुलं जे विचारतात ते मोठ्यांच्या तोंडून निघत नाही.

गेल्या जानेवारीत, 2024 ला, आम्ही बापलेक गेलो होतो. बाहेर बर्फाचं वादळ. त्याच हॉटेलात जपानहून नवा आलेला पिचर शोता इमानागा पत्रकारांसमोर बसला आणि त्यानं क्यूब्सच्या विजयगीतातली ओळ इंग्रजीत म्हणून दाखवली. सगळं हॉटेल दिवसभर तेच बोलत होतं. हंगामात तो 15 सामने जिंकला आणि फक्त तीन हरला.

पण मला त्या दिवसातली लक्षात राहिली ती एका रांगेत आमच्या पुढे उभी असलेली आजीबाई. सत्तरी सहज ओलांडलेली. जाड कोट काढला तर आत 21 नंबरची जर्सी, कॉलर विरलेली, आकड्याची एक कड परत हातानं शिवलेली. 21 म्हणजे सॅमी सोसा. लेकीच्या अंगावर ती 9 नंबरची, आता दंडाला घट्ट होणारी जर्सी होती. मधल्या वर्षात तिनंच ती खणातून काढली होती. आजीबाईंनी आकडा बघितला आणि विचारलं, "अजून दुखतं का गं?" लेक हो म्हणाली. त्या म्हणाल्या, "माझं 2004 पासून दुखतंय."

सोसा 1992 मध्ये शिकागोच्याच व्हाइट सॉक्स संघाकडून ट्रेडमध्ये आला आणि क्यूब्ससाठी त्यानं 545 होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) मारले. 1998 ला एकाच हंगामात 66. तीन हंगामांत साठाच्या वर होमरन मारणारा तो एकटा. पण 2004 च्या शेवटच्या सामन्यात तो खेळ सुरू असतानाच मैदान सोडून निघून गेला, पुढच्या फेब्रुवारीत त्याला बाल्टिमोरला दिलं, आणि त्या काळातल्या उत्तेजकांच्या संशयामुळे तेव्हापासून संघानं त्याला दारात उभं केलं नाही. वीस वर्षं. आजीबाईंना त्याच्या चुका सगळ्या माहीत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या की माझा नवरा वारला त्या वर्षी रोज दुपारी मला खुर्चीतून उठवणारा तोच होता, त्याला एकदा बघायचंय.

परवा 19 डिसेंबरला सोसानं निवेदन काढलं. दुखापतींतून सावरण्यासाठी जे जमेल ते केलं, चुका झाल्या, माफी मागतो, असा त्याचा आशय. त्याच दिवशी मालक टॉम रिकेट्स यांनी सांगितलं की या कन्व्हेन्शनचं आमंत्रण त्याला देणार. माझं म्हणणं स्पष्ट आहे: त्यानं यावं आणि लोकांनी उभं राहावं. ज्यांना राग आहे त्यांनी तो मनात ठेवूनही उभं राहावं. तुमच्या ऑफिसात यावरही दोन तट असतील. सोसाबद्दल बोलणाऱ्याला मध्ये तोडू नका, त्याला पूर्ण बोलू द्या.

व्यवहाराचं थोडं. गाडी आणू नका, हॉटेलजवळचं पार्किंग महाग पडतं. मेट्रा लोकलनं युनियन स्टेशनला उतरून बस पकडा किंवा थंडी सोसत असेल तर चालत या. शुक्रवारचं उद्घाटन चुकवू नका. शनिवारी एकदम आला तर ओळखी होणार नाहीत. त्या शुक्रवारी टकरचा अठ्ठाविसावा वाढदिवस आहे, तो मंचावर आला तर गलका होणारच. जर्सी नसली तरी चालतं, निळा स्वेटर पुरे. मार्चच्या 18 आणि 19 ला क्यूब्स टोकियोत डॉजर्सशी हंगामाचे पहिले सामने खेळणार आहेत, त्याबद्दलही बरंच कानावर पडेल.

आम्ही दोघं शुक्रवारी दुपारीच पोचतोय. लेकीला मुख्य दालनात डाव्या बाजूला, दाराजवळ उभं राहायचंय, म्हणजे आत येणारी सगळी माणसं दिसतील. ती 21 नंबर शोधणार आहे, विरलेल्या कॉलरचा. तुम्हाला दिसला तर आम्हाला हाक मारा.