युद्धात शब्द कोणाचा चालायचा?

प्रश्न : १९६२ ला पुढाऱ्यांनी लुडबुड केली म्हणून हरलो आणि १९६५ ला संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी फौजेला मोकळीक दिली म्हणून निभावलं, असं आमच्याकडचे माजी सैनिक सांगतात. मग मंत्र्यांनी युद्धात लक्ष घालूच नये का? आणि हुकूम पटला नाही, तर सेनापतीने करायचं काय?
– एक वाचक, अपशिंगे (मिलिटरी), जि. सातारा

उत्तर : त्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे.

२२ सप्टेंबर १९६२ ची संरक्षण मंत्रालयातली बैठक बघा. पंतप्रधान नेहरू आणि संरक्षणमंत्री मेनन, दोघेही परदेशात. नेफातून (आजचा अरुणाचल प्रदेश) चिन्यांना हुसकावलं तर ते लडाखमध्ये उलटतील, हा धोका लष्करप्रमुख थापर यांनी मांडला. परराष्ट्र खात्याच्या मते फार तर एखाददुसरी चौकी जाईल. थापर यांनी लेखी हुकूम मागितला. तो आला, पण सहसचिवाच्या सहीने, आणि ‘तयारी होताच कारवाई करा’ एवढ्याच आशयाचा. फौज किती, रसद कोणत्या वाटेने, काही नाही. रसदीशिवाय जमणार नाही म्हणणाऱ्या कोअर कमांडर उमराव सिंग यांच्याकडून ती आघाडीच काढून जनरल कौल यांच्याकडे दिली. २० ऑक्टोबरला चिनी तुटून पडले, तेव्हा नेफातल्या नामका चू नदीच्या काठावर आपले बरेच जवान सुती कपड्यांत होते आणि माणशी गोळ्या पन्नासेक. जागा दिल्लीने ठरवली आणि हिशेब कोणी मागितला नाही, इथे घात झाला. थापर यांचाही दोष आहेच. हुकूम हाती पडल्यावर ते अडून बसले नाहीत.

१९६५ ला १ सप्टेंबरला जम्मू भागातल्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले. विमानं वापरायची परवानगी यशवंतरावांनी तिथल्या तिथे दिली आणि त्याच संध्याकाळी पठाणकोटहून विमानं उडाली. जुनी व्हॅम्पायर होती, चार गमावली. पण १९६२ मध्ये लढाऊ विमानं जमिनीवरच राहिली होती, हे आठवलं की या निर्णयाचं मोल कळतं. नौदलाला मात्र मोकळीक नव्हती : पोरबंदरच्या अक्षांशाच्या उत्तरेला जायचं नाही, असा आदेश. नौदलप्रमुख सोमण यांना तो अजिबात पटला नव्हता, तरी पाळला.

शेवटी चूक झाली ती फौजेच्या बाजूने. आणखी काही दिवस लढलो तर पदरात काय पडेल, असं शास्त्रीजींनी विचारलं. आघाडीचा बहुतेक दारूगोळा संपत आलाय, असं लष्करप्रमुख चौधरी यांनी सांगितलं. युद्धविराम झाला. पुढे हिशेब लागला, तर जेमतेम १४ टक्के वापरला गेला होता. म्हणून मंत्र्याने लक्ष घालायलाच हवं, पण मोर्चा कुठे लावायचा यात नव्हे. साठा किती, रोजचा खप किती, किती दिवस पुरेल, हे आकडे त्याने रोज मागावेत आणि दुसऱ्या वाटेने पडताळून घ्यावेत.

सेनापतीचं म्हणाल, तर हुकूम निघण्याआधी आक्षेप लेखी द्यावा, तोही आकड्यांत : इतक्या बटालियन, इतक्या दिवसांची रसद, हे नसेल तर तारीख पुढे. ‘धोका आहे’ एवढ्याने कोणी थांबत नाही. आज हा कागद संरक्षणमंत्र्यांमार्फत पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीपुढे जाऊ शकतो. २०२० पासून संरक्षण दल प्रमुख हे पद आहे, पण ते सल्ला देतात. फौजेला हुकूम त्या त्या दलाच्या (लष्कर, नौदल, हवाई दल) प्रमुखाचाच. समितीने ऐकूनही तोच निर्णय दिला, तर पाळायचा किंवा पद सोडायचं. सोडलं तर परत घ्यायचं नाही. १९५९ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल थिमय्यांनी मेनन यांच्याशी बिनसल्यामुळे राजीनामा दिला, नेहरूंच्या सांगण्यावरून मागे घेतला, आणि मेनन जागच्या जागीच राहिले.