कमी ओढीच्या धनुष्यासाठी बाण

प्रश्न : माझ्या धनुष्याची ओढ (दोरी पूर्ण ताणायला लागणारे बळ) ४० पौंडांचीच आहे. शिकारीसाठी हलका, वेगवान बाण घ्यावा की जड?

उत्तर : जड घ्यावा. हलका बाण वेगाने सुटतो खरा, परंतु कातडी आणि बरगड्यांपाशी त्याचा जोर लवकर ओसरतो. जड बाण संथ असला तरी धनुष्याची अधिक ऊर्जा सोबत नेतो व खोल शिरतो. ओढीच्या दर पौंडामागे १० ग्रेन (वजनाचे एक लहान एकक) धरल्यास टोकासह पूर्ण बाण ४०० ग्रेनचा, म्हणजे साधारण २६ ग्रॅमचा होतो. टोक मात्र दोन स्थिर पात्यांचेच असावे, कारण आदळल्यावर उघडणारी पाती उघडण्यातच बळ खर्च करतात, आणि ते तुमच्याकडे मुळातच बेताचे आहे. धार अशी हवी की ताणलेला रबरबँड नुसत्या स्पर्शाने तुटावा.